मागचं डावं दार

१

गाडी आत आली की मी आधी तिचे शेवटचे चार आकडे फळ्यावर लिहितो आणि मगच बोनेट उघडतो. आमच्या गॅरेजमध्ये गिऱ्हाइकाला नावाने कोणी ओळखत नाही. ‘सत्तावीस झिरो तीनला कॉफी दे,’ असं बांग मालक आतून ओरडतात आणि मी बरोबर त्या माणसाच्या हातात कागदी कप देतो. मला हे सोयीचं पडतं. आकड्यांशी बोलायला लाज वाटत नाही.

त्या सोमवारी मी फळ्यावर एकेचाळीस बहात्तर लिहिलं. बारा वर्षांची चंदेरी गाडी, मागच्या काचांना गडद काळी फिल्म. ती मिरानताईंची. आमच्या सामचोक गावातल्या मासळीबाजारामागे त्यांचं तयार भाज्या आणि किमचीचं दुकान आहे. उतरल्या उतरल्या त्यांनी मुळ्याच्या किमचीचा डबा मालकांच्या टेबलावर ठेवला.

“काय होतंय गाडीला?” मालकांनी विचारलं.

“काय होत नाही ते विचारा. कडक उन्हात वायपर फिरतात. आतला दिवा बंद केला तरी पेटतो. आणि दारं स्वतःच्या मर्जीने लॉक होतात. शनिवारी सोदाम आत अडकली होती.”

सोदाम त्यांची मुलगी, सहा वर्षांची. ती आमच्या टायरच्या ढिगावर बसून पाय हलवत होती. तिचा एक डोळा किंचित आत वळलेला आहे.

“रिमोट चालेना,” ताई सांगत होत्या. “ही आत, मी बाहेर. फिल्ममुळे दिसतही नव्हती. नुसता आवाज येत होता. आतलं हँडल ओढत होती, कटकट, कटकट. चाइल्ड लॉक लावलेला, ते कसं उघडणार? शेवटी एका मासळीवालीने सांगितलं की रिमोटच्या पोटात साधी किल्ली असते. पंधरा मिनिटं गेली त्यात.”

“बारा वर्षं गाडी चालवताय आणि किल्ली माहीत नाही?” मालक हसले.

“हसा तुम्ही. गुरुवारी सकाळी आठला गांगनंगच्या इस्पितळात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. चार महिन्यांनी तारीख मिळाली आहे. बुधवारी संध्याकाळी मला गाडी पाहिजे, आणि अशी पाहिजे की हिला मागे बसवताना माझा हात थरथरता कामा नये.”

मालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “हा उजे करेल. गाडीशी तासभर बोलतो. बाईमाणूस दिसलं की मात्र कान लाल होतात बघा.”

माझे कान खरंच लाल झाले. मी खाली बघून “करतो, ताई” एवढंच म्हणालो.

२

असल्या तक्रारीत आधी बॅटरी बघायची, मग फ्यूज, मग अर्थिंग. पुष्कळदा एखादा गंजलेला बोल्टच सगळा तमाशा करत असतो. मी बोल्ट खरवडले, मीटर लावला. करंट बरोबर येत होता, अर्थिंग चोख होतं. स्कॅनर जोडला तर बॉडी कंट्रोल मॉड्यूल मध्येच बोलायचं आणि मध्येच गप्प व्हायचं. दारं, दिवे, वायपर, काचा, सीटच्या पट्ट्यांची सूचना, सगळं याच तळहाताएवढ्या डबीतून चालतं. मी स्टेअरिंगखालचं पॅनेल काढून डबीवर बोटाने टिचकी मारली. चारही दारं एकदम लॉक झाली.

“सापडलं,” मी मालकांना सांगितलं. “मॉड्यूलच गेलंय.”

तपासताना मागच्या डाव्या दाराचं आतलं हँडल मला सैल लागलं. शनिवारी सोदाम त्याच बाजूला होती. ओढून ओढून तिने स्प्रिंग कमजोर केली होती. हँडल ओढून सोडलं की ते पटकन आपटत नसे, दमलेल्या माणसासारखं सावकाश जागेवर जाई. त्या दिवसापासून ती डावीकडे बसत नाही, असं ताई म्हणाल्या. मी हँडल वहीत टिपून ठेवलं. ते काम नंतर करता आलं असतं.

नवीन मॉड्यूल मागवायला फोन केला. दहा दिवस लागतील, असं उत्तर आलं.

“मग भंगारातून आण,” मालक म्हणाले. “ग्युचलला फोन कर. नंबर जुळला म्हणजे झालं.”

३

ग्युचलदादाचं भंगार यार्ड शहराबाहेर आहे. त्याच्याकडून सुटा भाग आला की त्यावर पांढऱ्या रंगाच्या पेनाने चार आकडे लिहिलेले असतात. ज्या गाडीतून काढला, तिचे. मंगळवारी सकाळी मोटरसायकलवाला पुडकं टाकून गेला.

त्या डबीवरही आकडे होते. मी ते वाचले असणार. पण आज कितीही आठवायचा प्रयत्न केला तरी एकही आठवत नाही.

डबीच्या पत्र्याला पांढरा दोरा गुंडाळलेला होता. नवी गाडी आली की अपघात होऊ नये म्हणून घरातली मोठी माणसं सुक्या पोलॅक माशाला गुंडाळून आत ठेवतात ना, तोच दोरा. मासा गळून गेला होता, शेपटीचा एक तुकडा तेवढा गाठीत अडकून राहिला होता. दोरा काडीसारखा ताठ झाला होता.

मालक कॉफी ढवळत जवळ आले. “कुणाच्या तरी आईने बांधलाय. सावकाश सोड.”

“हो,” मी म्हणालो. ते वळल्यावर मी कटरने तो कापला आणि कचऱ्यात टाकला. गाठ घट्ट होती आणि मला घाई होती.

मग मी तारा जोडायच्या कपलरच्या पिना बघितल्या. दोन पिनांच्या मध्ये बारीक पांढरी साय धरली होती. बोट लावून जिभेला लावलं. खारट.

मला तिथेच थांबायला पाहिजे होतं. पण आमचं गाव समुद्रावर आहे. इथे सायकलच्या घंटीलाही मीठ लागतं. मी मनाशी म्हटलं, गाडी किनाऱ्यावर उभी असायची, बाकी काही नाही. स्पिरिट लावून ब्रशने पिना लख्ख केल्या. मग फडक्यावर थिनर घेऊन वरचे आकडे पुसले. ते मी नेहमीच पुसतो. आपल्या गाडीत मेलेल्या गाडीचा भाग आहे, हे गिऱ्हाइकाला बघायला आवडत नाही. मला वाटतं, या गावातला प्रत्येक मेकॅनिक हे करतो.

मालकांना मी मिठाचं सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही, एवढंच माझं कारण.

४

बसवायला तास लागला. बॅटरीची तार काढली, दोन नट, तीन कपलर. मग स्कॅनरवरून दोन्ही किल्ल्यांची या मॉड्यूलला ओळख करून दिली. दारं लागली, उघडली. वायपर फिरले आणि थांबले. आतला दिवा लागला आणि हळूहळू विझला. मला आनंद झाला. पहिल्याच फटक्यात सगळं जुळण्याचा आनंद वेगळाच असतो.

शेवटी स्कॅनरच्या पडद्यावर चालू नोंदी लावल्या. एकाखाली एक ओळी येतात. पुढचं उजवं दार: बंद. मागचं उजवं दार: बंद. चालकाचा पट्टा: काढलेला. मी बोट फिरवत खाली आलो.

मागच्या डाव्या काचेचं बटण: दाबलेलं.

मी मागे जाऊन बघितलं. बटणावर कोणी बोट ठेवलेलं नव्हतं, हे काय सांगायचं. मी ते दोनदा दाबून सोडलं. पुढे येऊन पाहिलं तर ओळ बदलली होती. दाबलेलं नाही.

बटण अडकलं असेल. मी दाराचं आतलं पॅनेल उघडून बटणाचा कपलरच काढून टाकला. आता त्या दाराकडून मॉड्यूलला काही कळायची सोयच नव्हती.

मी पाना पुसत असताना ओळ पुन्हा बदलली. दाबलेलं. मग नाही. मग दाबलेलं. कोणी काच खाली घ्यायला बघावं तसं.

मग मीठच असणार. डबीच्या आत कुठे तरी ओल राहिली आहे, दोन पिना एकमेकींना चिकटताहेत. मी मॉड्यूल काढलं, उघडलं, हेअर ड्रायरने अर्धा तास वाळवलं आणि परत बसवलं. बटणाचा कपलरही जागेवर घातला. ओळ गप्प झाली. मी बाहेर येऊन बाकावर बसलो. हात गार पडले होते, पण मार्चमध्ये इथे हात गारच असतात.

५

बुधवारी सकाळी मी गाडी बंदरापर्यंत चालवून आणली. मालक शेजारी बसले होते.

“एवढा हळू का चालवतोस? प्रेतयात्रा आहे का?”

“आवाज ऐकतोय, मालक.”

“कसला आवाज? घड्याळासारखी चालते आहे.”

चालत होतीच. फक्त धक्क्याजवळच्या उतारावर, जिथे बोटी पाण्यात सोडायचा सिमेंटचा रस्ता आहे, तिथे पट्ट्याची सूचना वाजू लागली. टिंग, टिंग, टिंग. आम्हा दोघांचे पट्टे लावलेले होते. डॅशबोर्डवर मागच्या डाव्या जागेचं चिन्ह लाल झालं होतं. वळून वर आलो आणि ते विझलं.

“सीटवर काही ठेवलंयस का?” मालकांनी विचारलं.

“नाही.”

मालकांनी मागे वळून पाहिलं. मग समोर बघत म्हणाले, “संध्याकाळी ती बाई विश्वासाने लेकरू बसवणार आहे यात. तुला काही शंका असेल तर आत्ता बोल.”

मला मीठ सांगायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण मग ताईंचं ऑपरेशन, चार महिन्यांची तारीख, आणि मी आणलेला भाग. मी म्हणालो, “दुपारी पुन्हा एकदा तपासतो.”

६

तीन वाजता मालक हमामखान्यात आंघोळीला गेले. बुधवारी ते जातातच. ताई पाचला येणार होत्या. शटर वर होतं, बाहेर लख्ख ऊन होतं, समोरच्या इमारतीत कोणी तरी गालिचा झटकत होतं.

मी किल्ली फिरवून ठेवली, चारही दारं बंद केली आणि स्कॅनरची पाटी हातात घेऊन मागच्या डाव्या दाराशी उभा राहिलो. पाटी बिनतारी आहे, बाहेरूनही वाचता येतं. काळ्या काचेत मला फक्त मी दिसत होतो.

पाच मिनिटं काही झालं नाही. मग वायपर सुरू झाले. एकदम सगळ्यात जोरात. कोरड्या काचेवर रबर खरडत होतं. मी पाटीकडे पाहिलं.

आतला दिवा: चालू.

मागच्या डाव्या जागेचा पट्टा: लावलेला.

थोड्या वेळापूर्वी मी तो पट्टा माझ्या डोळ्यांनी मोकळा लोंबताना पाहिला होता. मीठ, मी स्वतःला म्हटलं. पिना. ओल.

पट्टा: काढलेला. पट्टा: लावलेला. पट्टा: काढलेला.

मागच्या डाव्या काचेचं बटण: दाबलेलं. दाबलेलं. दाबलेलं.

काच हलत नव्हती. मागच्या काचा अडवायचं चालकाकडचं बटण ताईंनी सोदामसाठी कायम दाबून ठेवलेलं असतं, आणि मी ते तसंच ठेवलं होतं. वायपर मध्येच थांबले, अर्ध्यावर. दिवाही विझला. पडद्यावरच्या ओळी एकेक करत स्थिर झाल्या. मी श्वास सोडला.

मग आवाज आला. कट.

तो पाटीवर नव्हता. आतल्या हँडलला विजेची तार जोडलेली नसते. त्याचा मॉड्यूलशी काही संबंध नाही. मिठाशी नाही, पिनांशी नाही. ते नुसतं प्लास्टिक आहे, स्प्रिंग आहे, आणि ते हलायचं तर कोणी तरी ओढावं लागतं.

कट. कट. कट.

दार लॉक नव्हतं. पाटीवर स्पष्ट लिहिलं होतं, लॉक: उघडं. आतून ते चाइल्ड लॉकमुळे उघडणार नव्हतं. बाहेरून उघडलं असतं. बाहेर मी होतो. माझा डावा हात बाहेरच्या हँडलवर होता. तो मी कधी ठेवला ते मला कळलं नाही. पत्र्यातून प्रत्येक ओढ माझ्या बोटांना जाणवत होती.

नुसतं ओढायचं होतं.

मी विचार करत होतो. उघडलं तर काय दिसेल, हा विचार नव्हता. मला वाटत होतं, थोडा वेळ थांबलो तर हे आपोआप थांबेल, आणि मग मला काही ठरवावं लागणार नाही. लहानपणापासून मी असाच आहे. वर्गात गुरुजींनी नाव घेतलं की मी मान खाली घालून बसायचो, ते पुढच्या मुलाकडे जाईपर्यंत.

कट. कट.

दोन ओढींमधलं अंतर वाढू लागलं. मी मोजलं. तीन सेकंद. पाच. समोरच्या इमारतीत गालिचा झटकणं बंद झालं. नऊ सेकंद. नंतरची ओढ अगदी हलकी होती, बोटांना कळेल न कळेल एवढी.

मी वीसपर्यंत मोजलं. मग दार उघडलं.

सीट कोरडी होती. पट्टा मोकळा लोंबत होता. कसला वास नव्हता, पाणी नव्हतं, कोणी नव्हतं.

फक्त आतलं हँडल पूर्ण बाहेर ओढलेलं होतं, आणि माझ्या डोळ्यांसमोर ते सावकाश आपल्या जागेवर परत जात होतं.

७

पाचला ताई आल्या तेव्हा डॅशबोर्ड उघडा होता आणि मॉड्यूल माझ्या मांडीवर होतं.

“हे काय? झालं नाही?”

“गाडी देत नाही, ताई,” मी म्हणालो. “याला मीठ लागलेलं होतं. मला काल सकाळीच दिसलं होतं. मी साफ करून बसवलं आणि कोणाला सांगितलं नाही. यात सोदामला बसवू नका.”

“काल सकाळी? आणि आज सांगतोस? उद्या आठला मी काय तिला पाठीवर घेऊन जाऊ?”

मालक ओल्या केसांनी, खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. मला शिव्या घातल्या, ज्या मला मिळायलाच पाहिजे होत्या. मग खिशातून आपल्या गाडीची किल्ली काढून ताईंच्या हातात ठेवली.

“दहा दिवस वापरा. आणि रिमोटच्या पोटात साधी किल्ली असते, लक्षात ठेवा.”

ताईंना हसू आलं नाही. मलाही नाही. सोदाम मालकांच्या गाडीत उजवीकडे चढून बसली. ताईंनी माझ्या हातातल्या डबीकडे पाहिलं. “निदान बोललास तरी,” असं म्हणून त्या गेल्या.

बोललो खरा. एका मुलीसाठी तोंड उघडलं. तीन वाजता मात्र दार उघडायचं होतं, आणि ते मी वेळेत उघडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ग्युचलदादाला फोन केला.

“ते मॉड्यूल कुठल्या गाडीचं होतं?”

“चार आकडे सांग, लगेच बघतो.”

“पुसले.”

“मग मी काय ज्योतिषी आहे का? त्या मॉडेलच्या अकरा गाड्या आल्या होत्या महिन्यात. सगळ्या दाबून भंगारात गेल्या.”

“त्यातली एखादी पाण्यातून काढलेली होती का, दादा?”

पलीकडे क्रेनचा आवाज येत होता. तो बराच वेळ येत राहिला.

“कशाला विचारतोस?” ग्युचलदादा म्हणाला, आणि मला उत्तर सुचायच्या आत त्याने फोन ठेवला.

मी कचऱ्याची पेटी पालथी केली. दोरा मंगळवारच्या कचऱ्याबरोबर गेला होता. थिनरचं फडकं सापडलं. त्यावर एक पांढरा फराटा होता. मी तो उन्हात धरून, उलटा करून, पुष्कळ वेळ वाचायचा प्रयत्न केला.

८

दहा दिवसांनी नवीन मॉड्यूल आलं. मी ते बसवलं, आतल्या हँडलची स्प्रिंगही बदलली. एकेचाळीस बहात्तरला त्यानंतर काही झालेलं नाही. जुनं मॉड्यूल मी टाकलं नाही, ग्युचलदादाला परतही केलं नाही. ते माझ्या कपाटात आहे. करंट नसताना त्यात काही असू शकत नाही, हे मला माहीत आहे.

जूनमध्ये ताई ऑइल बदलायला आल्या. माझ्यावरचा राग गेला होता, किमचीचा डबा या वेळी माझ्या हातात दिला. मी चार आकडे फळ्यावर लिहिले. मग बोनेट उघडायच्या आधी मागे गेलो आणि मागचं डावं दार उघडलं. आता मी प्रत्येक गाडीचं उघडतो. मालक त्यावरून चिडवतात, लिफ्टमनची नोकरी बघ म्हणतात.

सोदाम पलीकडच्या बाजूला बसली होती. गोल चष्म्यातून दोन्ही डोळे सरळ माझ्याकडे बघत होते.

“दादा, मी इकडे बसते,” ती म्हणाली. “तिकडे कोणी नाही.”

“माहीत आहे,” मी म्हणालो, आणि दार बराच वेळ उघडं धरून उभा राहिलो.